कणकवली खालून गेली!

ज्यांना लोकलच्या गर्दीत हेडफोन सापडत नाहीयेत, त्यांच्यासाठी आजचा भाग लेखी.

मागच्या महिन्यात आम्ही मालवणहून मुंबईला निघालो होतो. गाडी मैत्रिणीची, मागच्या सीटवर तिचा धाकटा भाऊ. कसालला हायवेला लागलो, ओसरगाव मागे टाकलं, गड नदीचा पूल ओलांडला आणि गाडी फ्लायओव्हरवर चढली. थोड्या वेळाने भाऊ म्हणतो, "कणकवलीला चहा घेऊया ना. कधी येणार?" मी म्हटलं, "आत्ता खालून गेली ती काय होती?"

हसलो सगळे. पण मला जरा लागलं. कारण त्या पुलाखाली माझे मामा राहतात. हायवेच्या कडेला त्यांचं चहा-भज्यांचं दुकान होतं. म्हणून आजचा विषय कणकवली आणि तिच्या पोटातून गेलेला मुंबई-गोवा हायवे.

मोबाईलवर नकाशा उघडा आणि सिंधुदुर्ग मोठा करून बघा. उजवीकडे सह्याद्री, डावीकडे समुद्र, आणि मधे आडव्या वाहणाऱ्या नद्या: वाघोटन, गड, कर्ली, तेरेखोल. किनाऱ्याजवळ प्रत्येकीची खाडी होते. म्हणजे उत्तरेकडून दक्षिणेला जमिनीवरून जायचं तर दर थोड्या अंतरावर तर शोधायची. त्यामुळे इथले जुने रस्ते उभे नव्हतेच, आडवे होते. बंदरातून निघायचं आणि घाट चढायचा. वेंगुर्ल्याहून आंबोलीमार्गे बेळगाव, विजयदुर्गाकडून गगनबावड्यामार्गे कोल्हापूर, देवगडहून फोंडा घाटातून निपाणी. आणि मुंबईला जायचं? सरळ समुद्रातून.

साहजिकच मोठी गावं पाण्याकाठी. खारेपाटणला सापडलेला शिलाहार राजा रट्टराजाचा ताम्रपट इ.स. १००८ चा आहे. वेंगुर्ल्यात सतराव्या शतकात डचांची वखार होती. आमच्या मालवणसमोर महाराजांनी १६६४ मध्ये सिंधुदुर्ग बांधायला घेतला. माझी आजी सांगायची, मुंबईची बोट लांब समुद्रात उभी राहायची आणि माणसं होडीतून किनाऱ्याला यायची. पावसाळ्यात बोट बंद. मुंबईचा चाकरमानी तेव्हा मुंबईतच अडकायचा.

हे सगळं बदललं ते पुलांनी. एकेक नदी बांधली गेली आणि उभा रस्ता जोडला गेला. याच रस्त्यावर महाडजवळ सावित्रीवर १९२८ चा पूल होता. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री तो पुरात कोसळला आणि दोन एसट्या वाहून गेल्या. आपण ज्याला 'रस्ता' म्हणतो तो खरं म्हणजे पुलांची माळ आहे, हे त्या रात्री सगळ्या कोकणाला कळलं.

आणि 'मुंबई-गोवा' हे नाव तरी किती जुनं? १९ डिसेंबर १९६१ पर्यंत बांद्याच्या पुढे पोर्तुगीज हद्द होती. १५ ऑगस्ट १९५५ ला सत्याग्रही पत्रादेवीला हद्द ओलांडून गेले, तेव्हा पोर्तुगीजांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. पंजाबातून आलेले कर्नैल सिंग तिथेच हुतात्मा झाले. आज आपण जिथून पन्नाशीच्या स्पीडने गोव्यात शिरतो, ती ही जागा.

गोवा मुक्त झाला आणि हा रस्ता खऱ्या अर्थाने आरपार झाला. त्याचा नंबर आधी १७ होता, आता ६६ आहे, आणि तो पनवेलहून निघून कन्याकुमारीपर्यंत जातो. आता बघा गंमत. हा उभा रस्ता जुन्या आडव्या रस्त्यांना जिथे जिथे भेटला, तिथे तिठा झाला आणि तिठ्यावर बाजार वाढला. तळेरे, नांदगाव, कणकवली, कसाल, कुडाळ. १९८१ मध्ये सिंधुदुर्ग जिल्हा झाला, तेव्हा मुख्यालय मालवणला नाही, वेंगुर्ल्याला नाही, संस्थानची राजधानी असलेल्या सावंतवाडीलाही नाही. ते गेलं हायवेवरच्या ओरोसला. १९९८ मध्ये कोकण रेल्वे सुरू झाली, तीसुद्धा किनाऱ्यापासून आतच. आमचं मालवण पुढचं दार होतं, ते मागचं दार झालं.

कणकवलीचं मात्र फावलं. जानवली आणि गड या दोन नद्यांच्या मधलं हे गाव. कोकणचे गांधी आप्पासाहेब पटवर्धन यांनी १९४८ मध्ये इथेच, हायवेलगत वागद्याला गोपुरी आश्रम काढला. हायवेवरच्या मुख्य चौकाला त्यांचंच नाव आहे. एसटी स्टँड, बाजार, डॉक्टर, सगळं त्या चौकाच्या आजूबाजूला. मामांचं दुकानही तिथून जवळच. गणपतीत तर रात्रभर चूल विझायची नाही.

मग चौपदरीकरण आलं. सावंतवाडीला हायवेने वळसा घातला. झारापहून तो गावाला बाजूला ठेवून थेट पत्रादेवीला गेला. कणकवलीत तो डोक्यावरून गेला. मामांचं दुकान रुंदीकरणात गेलं. मोबदला मिळाला, पण गिऱ्हाईक मोबदल्यात मिळत नाही. आता ते आतल्या गल्लीत बसतात. मला म्हणाले, "रस्तो वरसून गेलो गो, आमी रवलव खाली."

पण तेच मामा पुढे काय म्हणाले तेही सांगते. पूर्वी शाळेची पोरं भरधाव ट्रकसमोरून रस्ता ओलांडायची, तेव्हा त्यांचं अर्धं लक्ष कढईत आणि अर्धं रस्त्यावर असायचं. "आता तो घोर नाय," म्हणाले. म्हणजे फ्लायओव्हर चूक होता, असं मी म्हणणार नाही. मला सलतं ते वेगळंच. ज्या रस्त्याने गाव मोठं केलं, त्याची जागा ठरवताना गावाला किती विचारलं?

हा प्रश्न आता आमच्या दारात येतोय. रेवस ते रेडी सागरी महामार्ग मालवणच्या किनाऱ्यानेच जायचाय. समुद्राने दिलेलं पुढचं दार आम्हाला कदाचित परत मिळेल. मला आनंदच आहे. फक्त, तो रस्ता गावातून नेणार, बाजूने नेणार की वरून, हे आखणीच्या वेळीच विचारायला हवं. गावसभा असेल तेव्हा मोबाईल खिशात ठेवून जा, मंडळी. नकाशावर रेघ ओढून झाली की मग कोणी विचारत नाही.

आणि हो, पुढच्या वेळी कणकवली आली की सर्व्हिस रोडला उतरा. आतल्या गल्लीत चहा अजून मिळतो.

भेटू पुढच्या भागात!