मायक्रोकंट्रोलरद्वारे सूक्ष्म विभवांतराचे मापन

काही मायक्रोव्होल्ट ते काही मिलिव्होल्ट इतक्या अल्प विभवांतराचे मायक्रोकंट्रोलरमधील अॅनालॉग-डिजिटल परिवर्तकाने, म्हणजे एडीसीने, अंकात रूपांतर करण्याच्या पद्धतीस सूक्ष्म विभवांतराचे मापन म्हणतात. लातूर जिल्ह्यातील शिरूर अनंतपाळ तालुक्यासारख्या सोयाबीन व तूर पिकविणाऱ्या भागात याचे नित्याचे उदाहरण म्हणजे इलेक्ट्रॉनिक वजनकाटा. काट्यावर दिसणारे किलोग्रॅम हे मुळात मोजलेले विभवांतरच असते.

काट्यातील संकेत

काट्याच्या तळाशी लोडसेल असतो. भाराने त्याचा धातू किंचित वाकतो, त्यावर चिकटविलेल्या पट्ट्यांचा विद्युतरोध बदलतो आणि व्हीटस्टन सेतूचा तोल ढळतो. प्रतिव्होल्ट २ मिलिव्होल्ट संवेदनक्षमतेच्या १०० किलोच्या लोडसेलला ५ व्होल्ट दिल्यास एक क्विंटल भाराला केवळ १० मिलिव्होल्ट मिळतात. म्हणजे ५० ग्रॅमला ५ मायक्रोव्होल्ट.

अर्डुइनो उनोमधील एटीमेगा३२८पी या मायक्रोकंट्रोलरचा एडीसी १० बिटांचा आहे. ५ व्होल्टच्या १०२४ पायऱ्या केल्यास एक पायरी सुमारे ४.८८ मिलिव्होल्टची होते. वजनाच्या भाषेत ती ४९ किलोंची! अख्खे पोते ठेवले तरी असा काटा जेमतेम एक पायरी चढेल.

प्रवर्धन आणि संदर्भ विभवांतर

त्यामुळे संकेत आधी वाढवावा लागतो. ४०० पट प्रवर्धन केल्यास एक पायरी सुमारे १२२ ग्रॅमची होते. १६ वाचनांची बेरीज करून आणखी दोन बिट मिळविता येतात. मात्र संकेतात निदान एका पायरीइतका विद्युत गोंगाट असेल तरच. वीजवाहिनीचा ५० हर्ट्झचा उपद्रव टाळण्यासाठी वाचने २० मिलिसेकंद किंवा त्याच्या पटीत घ्यावीत.

मायक्रोकंट्रोलरमधील १.१ व्होल्टचा अंतर्गत संदर्भ वापरण्याचा मोह येथे टाळावा. तो प्रत्यक्षात १.० ते १.२ व्होल्टपर्यंत असू शकतो. लोडसेल आणि एडीसी यांना एकच ५ व्होल्टचा पुरवठा संदर्भ म्हणून दिल्यास पुरवठा घटला तरी दोन्ही बाजू सारख्याच प्रमाणात घटतात व गुणोत्तर कायम राहते.

बारीक पायरी म्हणजे अचूकता नव्हे. एलएम३५८ या स्वस्त प्रवर्धकाची शून्यच्युती दर अंश सेल्सियसला सुमारे ७ मायक्रोव्होल्टने सरकते. म्हणजे ७० ग्रॅमने. सकाळी शून्यावर आणलेला काटा दुपारी १५ अंशांनी तापला, तर एक किलोचा फरक पडतो आणि तो सरासरी काढून जात नाही. म्हणून काट्यांसाठी एचएक्स७११ ही १२८ पट प्रवर्धक असलेली २४ बिटांची चिप वापरतात. तिचेही शेवटचे काही बिट गोंगाटातच बुडालेले असतात, हे चोवीसच्या आकड्याने भारावलेल्यांनी ध्यानात ठेवावे.

पडताळणी

मुद्रांकित वजने चढत्या व उतरत्या क्रमाने, तसेच काट्याच्या चारही कोपऱ्यांवर ठेवून वाचन तपासतात. विद्यार्थ्याने बनविलेला काटा प्रयोगापुरता ठीक. खरेदी-विक्रीसाठी मात्र वैधमापन अधिनियम, २००९ अन्वये पडताळणी व मुद्रांकन झालेलाच काटा वापरावा लागतो.