‘शरीराधिकार’ ते ‘आत्मदान’ : कॅथलिक विवाहसंमतीचे स्थित्यंतर

नांदेड व लातूर हे जिल्हे ज्या औरंगाबाद धर्मप्रांतात मोडतात, त्याची स्थापना १९७७ साली झाली. हा धर्मप्रांत सहा वर्षांचाही झाला नव्हता तोच, नोव्हेंबर १९८३ मध्ये, लॅटिन विधीच्या कॅथलिक चर्चची नवी संहिता अमलात आली. तिच्यामुळे येथील दांपत्यांच्या विवाहसंमतीची व्याख्याच पालटली. हा पालट केवळ शब्दांचा नव्हे.

१९१७ च्या संहितेनुसार विवाहसंमती म्हणजे अपत्योत्पादक कृतींसाठी परस्परांच्या शरीरावरील कायमचा व अनन्य अधिकार देणे आणि घेणे. अपत्यजनन व संगोपन हा विवाहाचा प्रमुख हेतू. परस्परसाहाय्य व वासनाशमन हे गौण. या परिभाषेच्या मुळाशी संत पौलाच्या करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रातील ‘ऋण’ ही कल्पना आहे. पौलाने ते ऋण पतिपत्नी दोघांवर सारखेच ठेविले. परंतु ऋण म्हटले की वसुली आली. आणि जेथे पत्नीचे स्थान दुय्यम, तेथे वसुली कोणाकडून होणार हे उघड आहे.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली हेतूंची ही प्रतवारी स्वीकारली नाही व दांपत्यप्रेमास स्वतंत्र मूल्य दिले. पोप सहावे पॉल यांचे १९६८ चे ‘हुमाने विते’ हे परिपत्रक कृत्रिम संततिनियमनाच्या निषेधासाठीच सर्वत्र गाजले. तथापि जोडीदाराची अवस्था व इच्छा न पाहता लादलेला समागम ही प्रेमाची खरी कृती नव्हे, असेही त्यात म्हटले आहे. १९८३ च्या संहितेतील संमतीच्या व्याख्येतून ‘शरीरावरील अधिकार’ हे शब्द गेले. पतिपत्नी स्वतःलाच परस्परांस देतात व स्वीकारतात, असे शब्द आले. शिवाय विवाहाची शारीरिक परिपूर्ती ‘मानवोचित रीतीने’ व्हावी, ही अटही संहितेत प्रथमच आली.

या अटीची मर्यादा ध्यानात घेणे अवश्य आहे. तिचा परिणाम विवाहाच्या धार्मिक स्थितीपुरता असतो. बळजबरीस शिक्षा देणे हे राज्याचे काम होय. राज्याच्या २०२३ च्या भारतीय न्याय संहितेत मात्र अठरा वर्षांवरील पत्नीशी पतीने केलेला समागम बलात्काराच्या व्याख्येतून वगळलेला आहे. चर्चने सोडलेली शरीराधिकाराची कल्पना अशा रीतीने राज्याच्या कायद्यात शिल्लक राहिली आहे.