कडब्यापासून वाढ्यापर्यंत : जांब समर्थ परिसरातील पशुआहाराचा इतिहास आणि जनावरांचे पचनारोग्य

प्रस्तावना

जालना जिल्ह्याच्या घनसावंगी तालुक्यातील जांब समर्थ हे गाव समर्थ रामदासांचे जन्मस्थान (इ.स. १६०८) म्हणून सर्वपरिचित आहे. समर्थांच्या हयातीतच दख्खनमध्ये १६३०-३२ चा भीषण दुष्काळ पडला. त्यानंतरही या भूभागावर दुष्काळाची छाया वारंवार पडत राहिली. अशा प्रदेशात जनावर जगविणे म्हणजे शेती जगविणे होय. पिकांच्या अवशेषांवर जनावरे पोसण्याची पद्धत येथे कशी बदलत गेली आणि त्या बदलाचा जनावरांच्या पचनारोग्याशी कोणता संबंध आहे, याचा आढावा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

ज्वारीप्रधान शेती आणि कडबा

गोदावरी खोऱ्यातील काळ्या जमिनीत ज्वारी हे प्रमुख पीक होते. कणीस माणसासाठी आणि धाट जनावरासाठी, असा त्यामागील हिशेब होता. मालदांडी ज्वारीला शेतकऱ्यांची पसंती मिळाली, ती धान्याइतकीच कडब्यासाठीही. सुगीनंतर कडब्याच्या पेंढ्या वळईत रचून ठेवल्या जात आणि टंचाईच्या वर्षी तीच शिल्लक उपयोगी पडे. जोडीला तूर-हरभऱ्याचा भुसा, सरकी आणि पेंड असे.

या मिश्रणाला शास्त्रीय आधार होता. रवंथ करणाऱ्या जनावराच्या कोठीपोटातील सूक्ष्मजीव धाटातील तंतुमय भाग आंबवून पचवितात. मात्र त्यांच्या वाढीसाठी नत्र लागते. कडब्यात प्रथिने जेमतेम तीन-चार टक्के असतात. ही उणीव पेंड आणि काही अंशी कडधान्यांचा भुसा भरून काढीत. कोवळ्या किंवा पाण्याअभावी खुरटलेल्या ज्वारीने जनावराला ‘किराळ लागते’, हेही शेतकरी जाणून होता. त्यामागे हायड्रोसायनिक आम्लाची विषबाधा असते, हे स्पष्टीकरण नंतरचे; सावधगिरी मात्र जुनी होती.

संकरित बियाणे, कालवा आणि ऊस

१९६४ मध्ये सीएसएच-१ हे संकरित ज्वारीचे वाण प्रसारित झाले. त्याच वर्षी बद्रीनारायण बारवाले यांनी जालना येथे महिको ही बियाणे कंपनी स्थापन केली. बुटक्या संकरित वाणांनी धान्याचे उत्पादन वाढविले. परंतु उंच देशी वाणांइतका कडबा त्यांपासून मिळत नव्हता. १९७२ च्या दुष्काळाने वैरणीच्या टंचाईचे गांभीर्य अधोरेखित केले. त्याच वर्षी परभणी येथे मराठवाडा कृषी विद्यापीठ स्थापन झाले. १९७६ मध्ये पैठणचे जायकवाडी धरण पूर्ण झाले आणि त्याच्या डाव्या कालव्याने अंबड-घनसावंगी भागात ऊस वाढण्यास चालना मिळाली. अंकुशनगर येथे समर्थांचेच नाव धारण करणारा सहकारी साखर कारखाना उभा राहिला. पुढे कापूस व सोयाबीन यांनीही ज्वारीची जागा घेतली. परिणामी, वैरण हे पीक निवडतानाच विचारात घेतले जाणारे उत्पन्न न राहता नगदी पिकाचा उरलेला भाग ठरली.

वाढ्याची पचनविषयक मर्यादा

गाळप हंगामात उसाचे वाढे मुबलक व हिरवे मिळतात. ऊसतोड कामगारांना त्यांच्या विक्रीतून चार पैसेही मिळतात. तथापि, वाढ्यात प्रथिने कमी आणि ऑक्झलेट अधिक असते. ऑक्झलेट कॅल्शियमशी बांधले जाते आणि ते कॅल्शियम जनावराच्या उपयोगी पडत नाही. दुभत्या गाईम्हशींच्या बाबतीत ही हानी विशेष जाणवते. म्हणून वाढ्यावर चुन्याची निवळी शिंपडावी, त्यांची कुट्टी करून ती कोरड्या वैरणीत मिसळावी आणि खनिज मिश्रण द्यावे, असा सल्ला पशुतज्ज्ञ देतात. निकृष्ट काडावर युरियाची प्रक्रिया करण्याचा मार्गही उपलब्ध आहे. मात्र प्रमाण चुकल्यास तीच प्रक्रिया विषबाधेस कारण ठरते.

अमेरिकेतील मांसोत्पादनाच्या मोठ्या गोठ्यांत प्रश्न उलट दिशेने उद्भवला. तेथे पिष्टमय धान्याच्या अतिरेकाने कोठीपोटात आम्लता वाढते. इथेनॉल निर्मितीत पिष्ट खर्ची पडल्यानंतर उरणारा मक्याचा चोथा तेथे धान्याऐवजी काही प्रमाणात वापरला जातो. यावरून असे दिसते की, दुय्यम उत्पादन मुळातच वाईट नसते. ते कशासोबत, किती आणि किती सावकाश दिले जाते, यावर जनावराचे आरोग्य अवलंबून असते.

चारा छावणी

महाराष्ट्रात शेकडो जनावरे एकत्र बांधून विकतच्या वैरणीवर पोसण्याचे ठळक उदाहरण म्हणजे दुष्काळी चारा छावणी. २०१२-१३ आणि २०१८-१९ च्या टंचाईत गोदावरीपलीकडील बीड जिल्ह्यासह अनेक भागांत छावण्या उघडल्या गेल्या. त्यांनी असंख्य जनावरे कसायाच्या दारातून आणि उपासमारीतून वाचविली, हे निर्विवाद आहे. परंतु छावणीचा हिशेब प्रति जनावर अनुदान आणि किलोत मोजलेला चारा असा होता. कोरड्या कडब्यावरील जनावर एकाएकी ऊस व वाढ्यावर आणले, तर कोठीपोटातील सूक्ष्मजीवांना जुळवून घेण्यास लागणारा दोन-तीन आठवड्यांचा अवधी मिळत नाही. पोट भरते, पोषण मात्र त्या प्रमाणात होत नाही.

निष्कर्ष

या परिसरातील पशुआहाराचा इतिहास हा केवळ टंचाईचा इतिहास नाही. ज्वारीबरोबर वैरणीचा साठा मागे पडला आणि त्यासोबत मिश्र आहाराचे अनुभवसिद्ध शहाणपणही मागे पडले. पेरणीच्या तोंडावर बैल आजारी पडला, तर अल्पभूधारकाचा अख्खा हंगाम धोक्यात येतो. म्हणून दुष्काळी नियोजनात चाऱ्याच्या वजनाइतकाच त्याच्या पचनीयतेचा विचार होणे, तसेच पीकरचनेत कडब्याच्या ज्वारीला पुन्हा स्थान मिळणे आवश्यक ठरते.