कुड्याची साल आणि गोरेगावची गोळी



शाळेत मी वर्षानुवर्षे इतिहास शिकवला. लढाया, तह, सनावळ्या सगळे झाले. पण ‘आव’ या दोन अक्षरी दुखण्याचा इतिहास कुठल्याच क्रमिक पुस्तकात नव्हता. लढायांपेक्षा या दुखण्याने माणसे कमी छळली असतील असे मला तरी वाटत नाही! आणि गंमत म्हणजे त्याच्या औषधांच्या इतिहासातली दोन पाने आपल्या मुंबईतली आहेत. आज त्यांच्याविषयी.

सुरुवात कुड्यापासून करू. आमच्या तुळिंजपासून तुंगारेश्वरचा डोंगर फार लांब नाही. उन्हाळ्यात तिकडच्या रानात कुडा पांढऱ्या फुलांनी भरतो. संस्कृतात हाच कुटज, आणि त्याच्या बिया म्हणजे इंद्रजव. आव पडली की कुड्याचे मूळ ताकात उगाळून द्यायचे, हे कोकणपट्टीतल्या आज्यांना कुणी शिकवावे लागले नाही. वैद्यांचे कुटजारिष्टही याच झाडाचे. १८५८ साली हेन्स यांनी या सालीतून ‘कोनेसीन’ हे द्रव्य वेगळे काढले आणि ते मुंबईच्या वैद्यकीय सभेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. हे आपले पहिले पान. पण युरोपात या सालीची पत टिकली नाही. त्याचे एक कारण मोठे बोलके आहे. पांढऱ्या कुड्याच्या सालीत काळ्या कुड्याची साल मिसळली जाई. नाव एक, झाड वेगळे, गुणही वेगळा. मग औषध बदनाम होणारच!

तोवर आवेचा खरा गुन्हेगार कुणी पाहिलाच नव्हता. रशियात लोश यांनी १८७५ मध्ये रुग्णाच्या शौचात सूक्ष्मदर्शकाखाली अमीबा पाहिला. त्यानंतर १९१२ साली कलकत्त्यात लिओनार्ड रॉजर्स यांनी एमेटीनची इंजेक्शने द्यायला सुरुवात केली. हे औषध ब्राझीलच्या इपिकॅक नावाच्या झाडाच्या मुळातून काढलेले. यकृतात गळू झालेले रुग्णही त्याने वाचू लागले. मात्र एमेटीन हृदयाला जड. आमच्या मोठ्या काकांना साठच्या दशकात ही इंजेक्शने दिली होती. पलंगावरून उठायचे नाही, अशी डॉक्टरांची सक्त ताकीद. काकू दिवसभर पायथ्याशी पहाऱ्याला बसत. (नात्यातल्या मोठ्या मंडळींना आठवत असेल.)

सुईचा हा जाच नको म्हणून लोकांना गोळी आवडली यात नवल नाही. सिबा या स्विस कंपनीची एन्टेरो-व्हायोफॉर्म १९३० च्या दशकात आली, पुढे मेक्साफॉर्म आली. दोन्हींतले मुख्य द्रव्य क्लिओक्विनॉल. पोट जरा कुरकुरले की घे गोळी, प्रवासाला निघालो की घे गोळी. जपानमध्ये मात्र माणसांचे पाय लुळे पडू लागले, काहींची दृष्टी गेली. आधी कुणाला वाटले, हा साथीचा रोग आहे. मग काही रुग्णांची जीभ आणि लघवी हिरवी झालेली दिसली, आणि त्या हिरव्या रंगात क्लिओक्विनॉल सापडले. १९७० मध्ये जपानने त्याच्या विक्रीवर बंदी घातली. तोवर दहा हजारांच्या आसपास लोकांना बाधा झाली होती. १९७८ मध्ये टोकियोच्या न्यायालयाने कंपन्यांना आणि सरकारलाही जबाबदार धरले. आपल्याकडे ही गोळी त्यानंतरही मिळत राहिली.

दरम्यान मेट्रोनिडाझोल आले. फ्रान्समधल्या रोन-पुलांक कंपनीचे हे औषध आधी वेगळ्याच जंतूसाठी होते. १९६६ साली दक्षिण आफ्रिकेत डर्बन येथे पॉवेल आणि सहकाऱ्यांनी ते आवेवर आणि यकृताच्या गळूवर गुणकारी असल्याचे दाखवले. त्याची युक्ती पाहण्यासारखी आहे. प्राणवायूविना जगणाऱ्या जंतूच्या आत शिरल्यावरच त्याचे विष तयार होते. आपल्या पेशींत सहसा तसे होत नाही.

आता दुसरे पान. आमच्याच लोकलच्या मार्गावर, गोरेगावला, सिबाचे संशोधन केंद्र १९६३ साली सुरू झाले. रसायनशास्त्रज्ञ टी. आर. गोविंदाचारी त्याचे संचालक होते. तिथे के. नागराजन आणि सहकाऱ्यांनी मेट्रोनिडाझोलच्याच कुळातले सॅट्रानिडाझोल हे नवे औषध तयार केले. तिथल्या संशोधनाच्या क्रमांकांत ‘गो’ अशी अक्षरे असत. ज्या कंपनीच्या गोळीने जपानला रडवले, तिच्याच छताखाली आपल्या माणसांनी हे औषध घडवले आणि ते भारतात विक्रीलाही आले. केंद्र पुढे बंद झाले. त्या गोळीचा जन्म गोरेगावचा, हे आज किती जणांना ठाऊक असेल?

असो. इतका इतिहास सांगायचे कारण म्हणजे आमच्या भागातही पावसाळा आला की लोक दुकानातून ‘मेट्रोच्या चार गोळ्या’ सहज मागून घेतात. दोन घेतात, बरे वाटले की उरलेल्या डब्यात. पण पुष्कळसे जुलाब अमीबाचे नसतातच. त्यांना मीठ-साखर-पाणीच हवे असते. आणि असलाच अमीबा, तर हे औषध शरीरात बहुतेक शोषले जाते, आतड्यातल्या त्याच्या कोषांपर्यंत पुरेसे पोचत नाही. म्हणून डॉक्टर नंतर डायलोक्सानाइडसारखे दुसरे औषध देतात. अर्धवट सोडले, की तोच माणूस स्वतः धडधाकट दिसत घरादाराला आव वाटत फिरतो. हे कोष नेहमीच्या क्लोरीनलाही सहज दाद देत नाहीत, पाणी उकळले की मरतात.

काळ्या-पांढऱ्या कुड्याची गल्लत झाली, हिरव्या जिभेकडे उशिरा लक्ष गेले. दीडशे वर्षे धडा एकच मिळतो आहे: आधी दुखणे ओळखा, मग औषध घ्या. तेव्हा घरच्या मंडळींनो, डब्यातल्या त्या उरलेल्या गोळ्या आजच काढून टाका. आणि पाणी नळाचे असो की टँकरचे, उकळूनच प्या.