फेकलेल्या मुखपट्टीची कहाणी

कोरेगाव भीमा येथील १८१८ च्या लढाईच्या स्मरणार्थ दरवर्षी १ जानेवारीला नदीपलीकडील विजयस्तंभापाशी अफाट जनसमुदाय लोटतो. १ जानेवारी २०२१ रोजी मात्र लोकांनी घरूनच अभिवादन करावे, असे आवाहन झाले होते. कोरोनाच्या त्या दिवसांत मुखपट्टी प्रत्येकाच्या मुखावर होती, आणि वाटेवर व बसस्थानकांच्या कोपऱ्यांतही तीच पडलेली होती.

साथ पुणे जिल्ह्याला नवखी नव्हती. प्लेगच्या रुग्णांची सेवा करीत असता सावित्रीबाई फुले १० मार्च १८९७ रोजी पुण्यात निवर्तल्या. त्याच वर्षी ब्रेस्लाऊ येथे योहान मिकुलिच या शल्यविशारदाने शस्त्रक्रियेच्या वेळी मुखावर जाळीदार कापड बांधण्यास प्रारंभ केला. पुढे १९१०-११ मध्ये मांचुरियातील प्लेगच्या वेळी डॉ. वू लिएन-तेह यांनी कापड व कापूस यांच्या मुखपट्टीचा मोठा प्रसार केला. रुग्णालयांतील कापडी पट्ट्या धुऊन, निर्जंतुक करून पुन्हा वापरल्या जात. १९६० च्या दशकापासून मात्र एकदाच वापरून टाकावयाच्या पट्ट्यांचे युग आले. त्या दिसतात कापडासारख्या. पण असतात पॉलिप्रॉपिलीन या प्लास्टिकच्या. त्या कुजत नाहीत; झिजून त्यांचे सूक्ष्म तंतू माती-पाण्यात मिसळतात.

रुग्णालयात अशा पट्टीसाठी पिवळी पिशवी ठरलेली असते. मार्च २०२० नंतर ती घरोघरी आली, पण ती पिशवी तिच्यामागोमाग आली नाही. जुलै २०२० मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने सांगितले, की घरातील वापरलेली पट्टी कागदी पिशवीत किमान ७२ तास ठेवावी आणि पुन्हा वापरली जाऊ नये म्हणून कापून टाकावी. ही सूचना किती आवश्यक होती, हे एप्रिल २०२१ मध्ये जळगावात दिसले. तेथील एका कारखान्यात वापरलेल्या पट्ट्या गाद्यांत भरल्या जात असल्याचे पोलिसांनी उघडकीस आणले.

कचऱ्याला अखेरीस कोणाचा तरी हात लागतोच. पुण्यातील कचरावेचकांनी १९९३ मध्ये 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' स्थापन केली. सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढावा, ही विनंती पुण्याच्या कचरावेचकांनी साथीपूर्वीच नागरिकांना केली होती. न उघडताच आत काय आहे ते कळावे, एवढाच तिचा हेतू.

जत्रा असो, आठवडेबाजार असो वा आपल्या चर्चचे आवार असो, जेथे माणसे जमतात तेथे झाकणाचे वेगळे पिंप ठेवणे अवघड नाही. पट्टी आत दुमडावी, दोऱ्या कापाव्यात, कागदात गुंडाळून खूण करावी. शेजाऱ्याला आपला श्वास बाधू नये म्हणून आपण मुख झाकले. पहाटे रस्ता झाडणारी बाईदेखील आपली शेजारीणच आहे. तिचा हात सुरक्षित राहिला, तरच मुखपट्टीचे कार्य पूर्ण झाले असे म्हणता येईल.