चेहऱ्यावरील सुरकुत्यांचे अंकीय मापन

चेहऱ्यावरील सुरकुत्यांचे अंकीय मापन ही डिजिटल छायाचित्राचे संगणकीय विश्लेषण करून सुरकुत्यांची संख्या, लांबी, रुंदी व ठळकपणा ठरविण्याची पद्धत आहे. त्वचाविज्ञान, सौंदर्यप्रसाधनांच्या चाचण्या आणि चेहऱ्यावरून वयाचा अंदाज बांधणारे संशोधन यांत तिचा उपयोग होतो.

पार्श्वभूमी

वयानुसार त्वचेतील कोलॅजेन व इलॅस्टिन या प्रथिनांचे तंतू क्षीण होतात. सूर्याचे अतिनील किरण आणि धूम्रपान यांमुळे ही झीज वाढते. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका वैद्यकीय नोंदीत, २८ वर्षे मालवाहू वाहन चालविलेल्या अमेरिकन चालकाच्या खिडकीकडील डाव्या गालावर उजव्यापेक्षा कितीतरी अधिक सुरकुत्या आढळल्या. असा फरक नजरेने जाणवला, तरी नजरेने दिलेले गुण परीक्षकागणिक बदलतात. त्यामुळे आधी त्वचेचे सिलिकॉन ठसे आणि पुढे छायाचित्रे मोजण्याची पद्धत रूढ झाली.

कार्यपद्धती

हनुवटी टेकवून, चेहरा निर्विकार ठेवून, ठराविक अंतरावरून व ठराविक प्रकाशात छायाचित्र घेतात. त्याचे करड्या छटांत रूपांतर केल्यावर सुरकुती गडद, अरुंद रेषेसारखी दिसते. गॅबर फिल्टर किंवा हेसियन मॅट्रिक्सवर आधारित फिल्टर अशा रेषा शोधतात. ठरविलेल्या मर्यादेपेक्षा फिकट रेषा व सुटे ठिपके वगळून उरलेल्या रेषा मोजतात. १ मिलिमीटरला १० पिक्सेल असे प्रमाण असल्यास २४० पिक्सेलची रेषा २४ मिलिमीटर भरते. खरी खोली मात्र एका छायाचित्रावरून मिळत नाही. त्यासाठी त्वचेवर प्रकाशपट्टे टाकून त्रिमितीय मापन करतात.

मर्यादा

छायाचित्रात प्रत्यक्षात सुरकुतीची सावली मोजली जाते. तिरप्या प्रकाशात ती गडद होते, तर समोरून येणाऱ्या पसरट प्रकाशात पुसट होते. त्यामुळे केवळ प्रकाश बदलूनही जाहिरातीतील ‘आधी’ व ‘नंतर’च्या छायाचित्रांत फरक दाखविता येतो. सिंधुदुर्गासारख्या किनारी भागात मासेमार किंवा शेतकऱ्यांची छायाचित्रे उघड्यावर घेतल्यास सकाळचे तिरपे ऊन, दुपारचे डोक्यावरचे ऊन आणि घामाची चकाकी यांमुळे एकाच चेहऱ्याची मोजमापे वेगळी येऊ शकतात.

सावळ्या त्वचेवर सावली व त्वचा यांच्या छटांतील फरक कमी असतो. गोऱ्या त्वचेवरून ठरविलेली मर्यादा तशीच वापरल्यास बारीक सुरकुत्या सुटतात, तर वांगाचे डाग सुरकुत्या म्हणून गणले जाण्याचा संभव असतो. म्हणून भारतीय त्वचेसाठी ही मर्यादा स्वतंत्रपणे पडताळणे आवश्यक ठरते.