भूमिका-खेळातला खलनायक कसा घडवावा?

'दास श्वार्त्से आउगे' हा भूमिका-खेळ जर्मनीत १९८४ साली आला. असे खेळ आपण घरी मराठीतूनही खेळू शकतो. खलनायक अर्थातच सूत्रधाराच्या, म्हणजे आई-बाबांच्या तोंडी!

नमुना आपल्या आखनचाच घेऊ. आख्यायिका अशी: कॅथेड्रलसाठी पैसे देऊन सैतानाने आत शिरणाऱ्या पहिल्या जिवाचा आत्मा मागितला. गावकऱ्यांनी लांडगा सोडला. चिडलेला सैतान शहर गाडायला वाळूची पोती घेऊन निघाला. वाटेत एका म्हातारीने झिजलेले जोडे दाखवून 'आखन अजून फार लांब' असे पटवले. दमून त्याने वाळू तिथेच टाकली. तोच लाउसबर्ग!

यावरून:

१. हेतू: त्याला नेमके काय हवे? (आत्मा.)
२. कारण: राग थोडा पटावा. (तो फसवला गेला.)
३. मर्यादा: शब्दाने बांधलेला, उतावळा.
४. तोड: तलवारीविना हरवता यावा, पण मुलांनीच शोधून.

त्याला बोलका ठेवा. त्याच्याशी घासाघीस करताना मुलांना मराठीत युक्तिवाद करावाच लागतो. नाहीतर घरातली मराठी 'जेवायला चल'पुरतीच उरते.